जोडगोळीची मागची सीट

तो दारात येऊन उभा राहिला तेव्हा मी नखरेलच्या, म्हणजे माझ्या पांढऱ्या सायकलच्या, चेनला तेल देत होते, आणि माझ्या नाकावर तेलाचा चांगला ठसठशीत डाग होता. डागाचं मला नंतर कळलं. आधी कळलं असतं तर मी त्याच्याकडे इतक्या तोऱ्यात बघितलं नसतं.

"इथं सायकली विकायच्या आहेत ना?" त्याने विचारलं. "चष्म्याच्या दुकानाच्या काचेवर चिठ्ठी लावलेली आहे."

"आहेत. पण कुणालाही नाही."

"मग कुणाला?"

"जो नीट सांभाळेल त्याला. उन्हात उभी करणार नाही, दुसऱ्याला चालवायला देणार नाही, आणि महिन्याभरात दुसरी बघून पाघळणार नाही, त्याला."

तो हसला. त्याचे डोळे आधी हसायचे आणि ओठ जरा उशिरा यायचे... मला उगाचच त्याच्या ओठांची वाट बघावीशी वाटली.

"सायकल विकताय की मुलगी देताय?"

"मुलगी कधीच दिली असती. या, बघा आत."

आता हे सांगायला हवं की त्याच्यावर माझा काही खास राग नव्हता. मी प्रत्येक गिऱ्हाइकाची अशीच उलटतपासणी घेत होते. ताई मला जळकुकडी म्हणते आणि मी ते नाकारत नाही. जे माझं आहे ते माझंच असावं. त्यात चुकलं काय? चष्म्याच्या दुकानात मी काचा बसवते. फ्रेमला काच घासून-घासून बेतायची, कानामागचा बाक नीट करायचा, आणि सगळं जमून आलं की तो चष्मा माझ्यादेखत दुसऱ्याच्याच नाकावर बसून निघून जातो. दिवसभर हेच. म्हणून असेल, पण घरी मला माझ्याजवळ राहणारं काहीतरी हवं असायचं. मी सायकली जमवत गेले. कुणाचे गुडघे दुखायला लागले म्हणून निघालेली, कुणी गाडी घेतल्यावर अडगळीत टाकलेली, कुणी चक्क भंगारात काढलेली. गॅलरीत, जिन्याखाली, पॅसेजमध्ये, पलंगाच्या डोक्याशी हुकाला—जिथे भिंत तिथे सायकल.

घर ताईचं आणि भावजींचं. मी त्यांच्याकडे राहते. ताईला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा सगळ्यांत जास्त मी नाचले, पण पुढे तिने पॅसेजभर नजर फिरवून विचारलं, "बाळाला पाळण्यात ठेवायचं की कॅरिअरवर बांधायचं?" त्याच आठवड्यात भावजींच्या नडगीला अंधारात पेडल लागलं. भावजी फारसे बोलत नाहीत. त्या दिवशी मात्र ते जे बोलले ते मी इथं लिहू शकत नाही.

"दोन ठेव," ताई म्हणाली. "दोन म्हणजे दोन. बाकीच्या बाळ यायच्या आत बाहेर."

दोनातली एक ठरलेलीच होती. काळी. तिच्यावरून मी रोज कामाला जाते. दुसरी म्हणजे नखरेल: पांढरी, शर्यतीची, वाकडं बघितलं तरी पंक्चर होणारी, पण उतारावर सोडली की कानात नुसता वारा. बाकीच्यांना मी घरं शोधत होते. हिरवा पोपट गणिताच्या एका बाईंनी नेला. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्या शाळेवरून गेले, तर पोपटाला पुढे पिवळी टोपली लावलेली आणि पोपट मस्त दिमाखात उभा! मला विसरूनसुद्धा गेला होता मेला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तर हा माणूस आत आला, सगळ्या सायकलींवरून एक नजर टाकली आणि सरळ गॅलरीतल्या जोडगोळीपाशी जाऊन थांबला.

"ही."

जोडगोळी म्हणजे दोघांची सायकल. लांबच लांब, दोन सीटा, दोन हँडलं, चार पेडलं. भाड्याने सायकली देणारं एक दुकान बंद झालं तेव्हा मी ती आणली होती. कधीतरी मीच तिला एकटी फिरवून आणायचे. पुढे मी आणि मागे रिकामी पेडलं आपली आपण गरगरत. रस्त्यावरचे लोक वळून बघायचे. ती ठेवायचा विचार माझ्या मनातही नव्हता.

"ही दोघांची आहे," मी म्हटलं.

"दिसतंय."

"आणि तुम्ही एकटेच आलात."

तो जरा गडबडला. "दुसरं माणूस... ड्युटीवर आहे."

दुसरं माणूस! मी चिंधीला हात पुसत राहिले. पुसायला काही उरलं नव्हतं तरी.

"ट्रायल घेतल्याशिवाय मी देत नाही. हिची ट्रायल एकट्याने होत नाही."

"मग तुम्ही या की. पुढे बसा. सायकल तुमची, रस्ता तुमचा. मी आपला मागे."

असं म्हणून त्याने जोडगोळी जिन्यावरून खाली न्यायला उचलली, ती मात्र फुलासारखी.

रस्त्यावर आल्यावर कळलं की हा गडी मागे बसून काहीच करत नाही. मी डावीकडे झुकले की हा उजवीकडे. पेडलवर पाय आहेत पण जोर नाही. तोंड तेवढं चालू.

"मागून टेम्पो. येऊ दे... येऊ दे... गेला. समोर खड्डा. पुढच्या बाई फोनवर आहेत, त्यांचा भरवसा धरू नका."

"तुम्ही करता काय हो?"

"बस चालवतो."

"एवढी मोठी बस चालवता आणि एवढ्याशा सायकलवर असे काय आखडून बसलात?"

"बस कुशीवर पडत नाही," तो म्हणाला.

मला इतकं हसू आलं की हँडल डुगडुगलं आणि त्याने मागून माझ्या कुर्त्याची कड पकडली. फक्त कड. दोन बोटांत. पण पुढचा अख्खा रस्ता मला त्या दोन बोटांशिवाय काही सुचलं नाही.

पावसाची भुरभुर सुरू झाली तसे आम्ही एका बंद दुकानाच्या पत्र्याखाली थांबलो. जागा अरुंद, सायकल लांब, त्यामुळे आम्हाला जवळजवळ उभं राहावं लागलं. दोष सायकलीचा.

"नाकावर तेल आहे तुमच्या," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"मी आलो तेव्हापासून."

"मग सांगितलं का नाही?"

"बरं दिसत होतं..."

मी नाक पुसलं. डाग गालभर पसरला असणार, कारण तो पुन्हा हसला. आणि अशा वेळी गप्प बसावं की नाही? नाही. माझ्या जिभेने विचारलंच.

"तुमचं ते दुसरं माणूस कोण?"

तो पावसाकडे बघू लागला. "आमच्याच बसवर आहे. कंडक्टर."

"आणि पुढे कोण बसणार?"

"पुढे... तीच बसेल."

ती. एवढंसं अक्षर, पण मला झोंबलं. तासाभराची ओळख! माझा त्याच्यावर हक्क तो काय? काही नाही. तरीसुद्धा झोंबलं.

"विचार करून सांगतो," निघताना तो म्हणाला. "पुढच्या सुट्टीला आलो तर चालेल?"

"दुकान नाही हे. पण या."

तो आला. मग त्याच्या पुढच्याही सुट्टीला आला. जोडगोळी घेतो असंही म्हणेना आणि नको असंही म्हणेना. एकेक फेरी मारून यायचो आणि मग तो पॅसेजमध्ये स्टुलावर बसून मला इतर सायकली निवडायला मदत करायचा. खरं तर मदत ताईला होत होती, कारण तो आल्यापासून माझ्याकडून सायकली सुटायला लागल्या होत्या. हत्तीण पाववाल्याकडे गेली, तिच्यावर ओझं लादणारं माणूस तिला हवंच होतं. घडीची नकटी वरच्या मजल्यावरच्या आजोबांना मिळाली.

"नखरेल मात्र ठेवा," तो एकदा म्हणाला.

"का?"

"बाकीच्यांबद्दल तुम्ही बोलता. हिच्याबद्दल बोलताना आवाज खाली येतो तुमचा."

इतकं लक्ष माझ्या आवाजाकडे कुणी दिलं नव्हतं. मी लाजायच्या बेतात होते, तेवढ्यात मनात आलं—हा तिच्याही आवाजाकडे असंच लक्ष देत असेल. दिवसभर. ड्युटी म्हणून!

झालं. दुसऱ्या दिवशी मी दुकानातून लवकर सुटले, काळीला कुलूप घातलं आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा स्वखुशीने बसच्या, तेही त्याच्याच मार्गाच्या बसच्या, रांगेत उभी राहिले. डोक्यावरून ओढणी घेतली, दुकानातला एक भलामोठा काळा चष्मा चढवला आणि मागच्या दाराने चढून मागच्याच सीटवर अंग चोरून बसले.

ती होती. उंच, खांद्याला तिकिटांची पिशवी, गर्दीतून अशी वाट काढत येणारी की गर्दीच तिला जागा करून द्यायची. एका आज्जींना तिने दंड धरून बसवलं, एका फुकट्याला हसतहसत उतरवलं. छान होती हो! तिच्यात एखादं तरी वैगुण्य सापडावं म्हणून मी जंग जंग पछाडलं.

"कुठं जायचं?" तिने मला विचारलं.

मला कुठे माहीत? "शेवटपर्यंत," मी म्हटलं.

आणि त्यांची ती घंटी! हिने दोरी एकदा ओढली की तो थांबायचा. दोनदा ओढली की निघायचा. मध्येच हिने उगाच एक हलकीशी टिचकी दिली, तर पुढून हॉर्नचा एक छोटासा पों आला आणि ही गालात हसली. एवढी मोठी गाडी, इतकी माणसं, आणि या दोघांचं आपसात न बोलता सगळं चाललेलं. मी त्याच्याशी बोलून-बोलून थकले तरी मला त्याचं घरचं काही माहीत नव्हतं, आणि हिला नुसत्या दोरीवर त्याचं मन कळत होतं.

शेवटच्या थांब्यावर तो खाली उतरला. हिने थर्मासमधला चहा ओतला. झाकणात. एकाच झाकणात. आधी तिने घोट घेतला, मग त्याच्या हातात दिलं. मी काळ्या चष्म्याआडून ते बघितलं आणि त्याच बसने परत आले. सगळा रस्ता मला ती घंटी डोक्यात बसल्यासारखी वाजत होती.

पुढच्या सुट्टीला तो आला तेव्हा मी तयार होते.

"जोडगोळी घ्यायची असेल तर तिला घेऊन या," मी म्हटलं. "जिच्या हातात हँडल जाणार तिला बघितल्याशिवाय मी देणार नाही."

"तिला कशाला उगाच..."

"का? लाजते?"

"ती? लाजते?" तो कसनुसा हसला. "बरं. आणतो."

आणि त्याने आणलं. ती ड्युटीवरूनच आली होती, पिशवी खांद्याला तशीच. दारात आल्याबरोबर तिने त्याला विचारलं, "ही का ती?" मी म्हटलं, सायकल गॅलरीत आहे. ती म्हणाली, "असं होय," आणि मला आपादमस्तक न्याहाळून खुदकन हसली. तिच्या त्या हसण्याने माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सीटची उंची मलाच लावायची होती. माझ्या हातांनी, माझ्या पान्याने, तिच्यासाठी! तिचे पाय लांब. सीट चांगली चार बोटं वर घ्यायला हवी होती. मी घेतली नाही. होती तिथेच ठेवली आणि पाना असा आवळला की पुन्हा कुणाला हलवता येऊ नये. तो शेजारी उभा राहून माझ्याकडे बघत होता, काहीतरी मजा चालल्यासारखा. मला आणखी चेव आला.

"बसा," मी म्हटलं.

तिचे गुडघे हँडलला टेकत होते. पण तिने हूं की चूं केलं नाही. तो मागे बसला, तिने तोंडानेच "टण टण" केलं आणि निघाली. मी फाटकात उभी. जोडगोळी कोपऱ्यावरून वळली आणि दिसेनाशी झाली. माझी सायकल, आणि... माझं दुसरं काहीच नव्हतं त्यावर, हे मला माहीत होतं. तरी मी फाटकाची कडी वर-खाली करत राहिले, इतकी की वरच्या मजल्यावरचे आजोबा खिडकीतून म्हणाले, "पोरी, कडी निघेल."

ते परत आले तेव्हा ती घामाघूम होती आणि त्याचा चेहरा पांढराफटक.

"नुसता धोंडा आहे हो हा मागे!" ती उतरत म्हणाली. "पेडल मारायचं राहिलं बाजूला, वळणावर माझ्या कमरेला विळखा घातला याने!"

कमरेला! माझ्या वाट्याला काय आलं होतं? कुर्त्याची कड.

"घेतोस मग?" तिने त्याला कोपराने ढोसलं. "बोल की आता. बोलतोस ना?"

त्याने तोंड उघडलं, पण मी आधी बोलले.

"विकायची नाहीये ती. मी ठेवणार आहे."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"तुम्ही?" ती म्हणाली. "आणि मागे कोण?"

"माझं मी बघून घेईन."

तो खाली बघत उभा राहिला. ती मात्र जाताना त्याला म्हणाली, "घे. बस आता बोंबलत," आणि तो तिच्या मागून निघून गेला.

घरात आल्यावर ताईने पोटावर हात ठेवून शांतपणे विचारलं, "म्हणजे नखरेल जाणार?"

"जोडगोळी उद्या विकते ना कुणालाही..."

"आत्ता खाली ओरडून सांगितलंस ठेवणार म्हणून. सगळ्या इमारतीने ऐकलं. दोन म्हणजे दोन. काळी विकतेस?"

काळी कशी विकणार? आणि जोडगोळी दुसऱ्याला विकली, तर हा बसवाला ती त्या माणसाकडून विकत घेणार नाही कशावरून? मग ही दोघं माझ्याच सायकलवरून माझ्याच दुकानासमोरून जाणार, आणि मी आत कुणाच्यातरी नाकाला चष्मा बेतत बसणार. नाही. होऊच देणार नाही.

नखरेल एका नर्सने नेली. चांगली मुलगी होती, चांगली चालवायची. उतारावर ती वाऱ्यासारखी दिसेनाशी झाली आणि मी घरी येऊन रिकाम्या हुकाखाली पलंगावर पडून मनसोक्त रडले. मी जळले होते, ठीक आहे. पण मला वाटलं होतं, त्यांना चटका बसेल. बसला कुणाला? मलाच. जिच्यावर जीव होता ती गेली आणि जिला एकटीने चालवता येत नाही ती गॅलरीत उभी.

तो पुढच्या सुट्टीला आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बस रोज दिसायची. मी काळीवर ताठ मानेने शेजारून जायचे आणि मुळीच बघायचे नाही. नंबर मात्र पाठ झाला होता.

मग एका संध्याकाळी बेल वाजली. तो होता. पॅसेज मोकळा, भिंती मोकळ्या, जिन्याखाली एकटी काळी. त्याने इकडेतिकडे बघितलं.

"नखरेल कुठंय?"

"गेली."

"ती तर ठेवणार होतात."

"दोनच ठेवायच्या होत्या."

"मग ही कशासाठी ठेवलीत?" त्याने गॅलरीकडे बोट केलं.

खोटं बोलायला वेळ होता. पण इतके दिवस गिळून-गिळून मला कंटाळा आला होता.

"तुम्हाला मिळू नये म्हणून," मी म्हटलं. "तुम्हा दोघांना. तुम्ही तिच्यामागे बसून फिरणार, ते मला बघवलं नसतं. झालं समाधान?"

तो मटकन जिन्याच्या पायरीवर बसला. हातातल्या टोपीची कड फिरवत राहिला.

"मला सायकल येत नाही," तो म्हणाला.

"काय?"

"चालवता येत नाही. लहानपणी एकदा सपाटून पडलो, मग भीती बसली. मोठा झाल्यावर शिकायची लाज वाटायला लागली. मग एकदम बसच शिकलो."

"आणि दोघांची सायकल घ्यायला आलात?"

"घ्यायला कुठे?" त्याने वर बघितलं. "एकदा सिग्नलला तुम्ही हीच घेऊन माझ्या बसशेजारी उभ्या होतात. मागची सीट रिकामी. मी ड्रायव्हर आहे हो. रिकामी सीट घेऊन निघालेली गाडी मला बघवत नाही. मग ती चिठ्ठी दिसली... मी विकत घ्यायला नाही, बसायला आलो होतो. पण तुम्ही 'एकटेच आलात' म्हणालात आणि मी दुसरं माणूस आहे म्हणून बसलो, मग ते कोण म्हणूनही विचारलंत. दिवसभर जिची घंटी कानात असते तिचंच नाव तोंडात आलं."

"आणि ती?"

"तिचा नवरा आमच्याच डेपोत मेकॅनिक आहे. दोन मुलं आहेत तिला. त्या दिवशी येताना मला दम देऊन आली होती, आज तू खरं सांग नाहीतर मी सांगते."

"मग सांगितलं का नाही? समोर उभे होतात की!"

"सांगणार होतो." आता त्याचे डोळे हसायला लागले होते. "पण तुम्ही ज्या चेहऱ्याने ती सीट आवळत होतात ना... माझ्यावरून आजवर कुणी इतकं चिडलं नव्हतं. मी आपला बघत बसलो. आणि मग तुम्ही ठेवणार म्हणालात, तेव्हा वाटलं, मागे बसणारं कुणीतरी असेल तुमचं. म्हणून आलो नाही इतके दिवस."

मला त्याला पान्याने बडवावंसं वाटलं. माझी नखरेल गेली होती! आणि त्याच वेळी पोटातून असं काही हसू वर येत होतं की मला तोंड फिरवावं लागलं.

"चहा एकाच झाकणात पिता तुम्ही दोघं," मी भिंतीकडे बघत म्हटलं.

"थर्मासला एकच झाकण असतं," तो म्हणाला. मग थबकला. "पण हे तुम्हाला कसं माहीत?"

पुढचा सगळा वेळ मी हसत होते, आणि आतून ताईचा आवाज आला, "अगं, त्याला आत तरी बोलाव!"

तेव्हापासून त्याच्या दर सुट्टीला आम्ही निघतो. मी पुढे, तो मागे. आता कुर्त्याची कड धरत नाही, कमरेलाच धरतो, मी तसं पहिल्याच दिवशी बजावलंय. 'तुम्ही' कधी गळून पडलं कळलंही नाही. पेडल मारायलाही थोडंफार शिकलाय.

पण प्रेम कबूल झालं म्हणून जळणं थोडंच थांबतं? उलट आता जळायला हक्काचं माणूस मिळालं. जोडगोळीची एक मोठी गैरसोय आहे. पुढच्याला मागचा दिसत नाही. फुलांचं दुकान आलं, पोहायच्या तलावाचं फाटक आलं, नखरेलवरून ती नर्स समोरून हात करत गेली, की हा मागे एकदम गप्प. आधी खड्डे आणि टेम्पो तरी सांगायचा, आता तेही नाही.

"गप्प का झालास?"

"काही नाही."

"कुणाकडे बघतोयस?"

"कुणाकडेच नाही."

असं कोण मान्य करतं? शेवटी दुकानातल्या मोडक्या सामानातून मी एक छोटा गोल आरसा आणला आणि हँडलच्या टोकाला बसवला. रस्त्याकडे नाही. मागच्या सीटकडे रोखून. तो म्हणाला, "वा! हे पाहिजेच. मागची वाहनं दिसतात." मी म्हटलं, "हो ना."

तलावाच्या फाटकापाशी मुली घोळक्याने बाहेर पडत होत्या. मी आरशात बघितलं.

त्याचे डोळे मिटलेले होते.

मला वाटलं, पापणी लवली असेल. उतार आला, वळण आलं, मागून एक भली मोठी गाडी हॉर्न वाजवत गेली. तरी मिटलेलेच. चेहऱ्यावर वारा घेत, हनुवटी जरा वर करून तो बसला होता, झोपेतल्या माणसासारखा निवांत.

"डोळे का मिटलेस रे?" मी विचारलं. "भीती वाटते?"

तो दचकला. मग लक्षात आलं त्याच्या, आरसा कुठे वळवलाय ते. रागावला नाही.

"दिवसभर डोळे ताणून माणसं नेतो," तो म्हणाला. "पापणी मिटली तरी मनात धस्स होतं. मिटून बसावं अशी एवढी एकच जागा आहे मला. तू पुढे असतेस ना..."

समोरचा रस्ता एकदम धूसर झाला. मी एक हात सोडला, आरसा रस्त्याकडे वळवला आणि नीट बघून वळण घेतलं.